नदीपलीकडचा फोन

शहराचं स्वतःचं इंटरनेट विणायला नसीमनं खिडक्याखिडक्यांना गवताच्या पात्यासारखे हिरवे धागे बांधून घेतले होते. एका धाग्यातला निरोप शेजारच्या धाग्यात उडी मारायचा. नदी मात्र आडवी आली, आणि पलीकडची बेलदारवस्ती आराखड्यातून गळली. त्यातच खिडक्यांवरचे धागे चोरीला जाऊ लागले.

आज फोन आला. "नसीमताई, पलीकडून यमुना बोलतेय. डॉक्टरांना जोडून द्या, पोर तापानं फणफणलंय."

"तिकडे तर आपलं जाळं नाही."

"मग मी बोलतेय कशी?"

डॉक्टरांना जोडून देऊन नसीम घाटावर धावली. दोन्ही काठांवरून पाण्यावर झुकलेल्या बाभळींना सुगरणींचे शेकडो खोपे लोंबत होते, आणि प्रत्येकात हिरवा धागा विणलेला होता. तिच्या डोक्यावरून एक पिवळा पक्षी चोचीत नवा धागा धरून पलीकडे गेला.