दोन ओळींचा बदल

"पास कुणी केलं हे?"

काचेचं ताट भिंतीवर आदळलं. भाजीत मीठ जास्त पडलं होतं.

हा नवऱ्याचा ऑफिसातला प्रश्न. काही बिघडलं की तो हाताखालच्यांना असंच विचारायचा. घरी प्रश्नापाठोपाठ हात यायचा. आज मूठ आली. तिचा डावा डोळा मिटला तो मिटलाच.

"दिवसाला ऐंशी बदल तपासायचे," तो धापा टाकत म्हणाला. "पोरं कोडमध्ये एक स्वल्पविराम हलवतात, तोही मीच वाचायचा. डोकं फिरणार नाही तर काय!"

"ब्राउझरला एक छोटं एक्स्टेंशन करून देऊ?" काचा वेचत तिने विचारलं. "बारीकसारीक बदलांची घडी घालून ठेवेल. एक बटण दाबलं की सगळे मंजूर."

"तीन ओळींच्या आतलं काही मला दाखवूच नकोस."

"बरं."

कंपनी फोनने उघडणारी कुलपं बनवायची. घरात तशी दोन होती, एक बाहेरच्या दाराला, एक अडगळीच्या खोलीला. दार ओढलं की दोन्ही आपोआप लागायची आणि आतून-बाहेरून त्याच्याच फोनला ओळखायची. तो कामावर गेला की ती घरात कोंडलेली, तो चिडला की अडगळीत. ती आत नसली की अडगळीचं दार सताड उघडं असायचं; पट्टाही तिथेच खिळ्याला लटकायचा.

ती त्याच कंपनीचं काम घरून करायची. तिचं कामही तपासणीला त्याच्याच रांगेत जायचं. मंजूर झालेला बदल संध्याकाळी सातला आधी मंजूर करणाऱ्याच्या घरी लागायचा, मग गिऱ्हाइकांकडे. रांधणाऱ्याने आधी चाखावं, तसं.

दुसऱ्या दिवशी एका डोळ्याने ती कोड लिहीत बसली. ओठांवर आईची ओवी आली.

*दुःखाचं गाठोडं बाई, कुणापाशी सोडू,*
*दोन ओळींत बांधिते, वाऱ्यासंगे धाडू.*

आई म्हणायची, बाईला दोन ओळी पुष्कळ.

"ऐंशी बदल दहा मिनिटांत!" नवरा खूश झाला. "गुणाची गं माझी. ऑफिसात मात्र मीच केलंय म्हणून सांगितलंय. तोंड उघडलंस तर दात घशात घालीन."

आठ दिवस हात उठला नाही.

नवव्या दिवशी तो पावणेसातलाच आला. बूटही काढले नाहीत.

"साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, हे एक्स्टेंशन चालतं कसं? माझी बोबडी वळली! हसले सगळे, हसले!"

"अहो, मी समजावून..."

तिचं डोकं चौकटीवर आपटलं. मग पोटात लाथ. मग बरगडीत. तिने ना किंकाळी फोडली, ना हात जोडले. रक्ताआडून ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिली.

सात वाजले.

"थांब, पट्टाच आणतो."

एरवी ती टेबलामागे दडायची. आज भिंत धरून उठली, त्याच्या मागोमाग गेली आणि अडगळीचं दार ओढून घेतलं.

आतून हसू आलं. "वेड लागलं का गं? फोन माझ्या खिशात आहे."

कुलूप पीं करून गप्प झालं. पुन्हा पीं. मग लाथा, मग खांदा, मग शिव्या. दार जाडजूड होतं. त्यानेच निवडलेलं.

"कुलपाला काय केलंस? पास कुणी केलं हे?"

तिने आपला फोन बाहेरच्या दाराला दाखवला. दार उघडलं. उंबऱ्यावर थांबून तिने फोनवरची बदलाची नोंद मोठ्याने वाचली.

"दोन ओळींचा बदल. लिहिला मी. मंजूर केलात तुम्ही, आज सकाळी दहा वाजून चार मिनिटांनी."