वापरणाऱ्यांचं मत

पाहुणे चहाला यायचे होते आणि आत्मारामपंतांच्या मॉनिटरने ऐन वेळी डोळे मिटले. पडद्यावर डावीकडे लेकीची, स्वानंदीची पत्रिका, उजवीकडे सांगून आलेल्या अनिशची. खाली गुणांची बेरीज उमटणार, तोच चित्र आक्रसत मधोमध एका ठिपक्यात गेलं आणि मग ठिपकाही गेला.

मॉनिटर जुना, मागे भलंमोठं पोट असलेला. नवा पातळ पडदा मध्ये आणून झाला होता. पण पंतांचा पत्रिकेचा प्रोग्रॅम त्याहून म्हातारा, त्यात बारावं घर कडेला कापलं जायचं. बारावं घर खर्चाचं. ते दिसलं नाही तर कुठलीही पत्रिका बरीच दिसते. पण पंत हिशेबाचे पक्के, त्यांनी पातळ पडदा परत केला. मांडवी किनाऱ्याची खारी हवा आत शिरू नये म्हणून मॉनिटरच्या पाठीशी ते पावसाळाभर बल्ब जळता ठेवत. घरातल्या माणसांची इतकी काळजी घेतली जात नाही, असं बायकोचं, गोदाचं म्हणणं.

जुन्या मालाचा व्यापारी दीपक फोनवर होता. "काका, पोटवाले दोनच उरलेत. एक फुगीर काचेचा, एक सपाट काचेचा. कुठला रिक्षात टाकू?"

"जरा बघून सांगतो."

"आता ह्याच्यात काय बघताय? गिऱ्हाईक तुम्ही एकटेच!"

पंतांनी मोबाइलवर दोन्ही मॉनिटरचे रिव्ह्यू शोधले. वीस वर्षांपूर्वीचे, पण होते. कॅलेंडरचं गेल्या महिन्याचं पान उलटं केलं, मधोमध रेघ मारली. एका बाजूला जाणकार, दुसऱ्या बाजूला वापरणारे.

फुगीर काचेवर जाणकार बेहद्द खूश. रंग जिवंत, अक्षर टोकदार, बांधणी दणकट, पाचात साडेचार. वापरणाऱ्यांपैकी एकाने लिहिलं होतं, वर्षभर बरा, मग चित्र थरथरतं. दुसरा म्हणत होता, कुशीत टपली दिली की येतं ताळ्यावर. हल्ली जोराने द्यावी लागते. सपाट काचेला जाणकारांनी ओबडधोबड म्हणून निकालात काढलं होतं. खाली एकच वापरणारा: "मुलं शाळेतून कॉलेजात गेली, हा चालूच. ह्याच्याबद्दल लिहायचं राहूनच गेलं."

पंत पान न्याहाळत राहिले. जाणकाराने वस्तू खोक्यातून काढली, तासभर पाहिली, परत खोक्यात घातली. तिच्याबरोबर दिवस काढले ते दुसऱ्या बाजूच्यांनी.

पान ठेवायला ते टेबलाकडे वळले.

तिथे अनिशचा बायोडेटा होता. मुलाची चौकशी पंतांनी रीतीप्रमाणे, कसून केली होती. कॉलेजचे प्राचार्य, घरचे डॉक्टर, लोटे औद्योगिक वसाहतीतल्या त्याच्या कंपनीतले साहेब, आणि स्थळ आणणाऱ्या आनंदीबाई. सगळ्यांनी एकमुखाने वाखाणला होता. सगळ्यांनी त्याला इस्त्रीच्या शर्टात, खुर्चीवर बसलेला पाहिला होता. रेघेच्या अलीकडे गर्दी, पलीकडे कोणी नाही.

बायोडेटात खाली जुना पत्ता होता: द्वारा वजीर, खेड. सोबत नंबर. पंतांनी तो फिरवला.

फोन घरमालक वजीर यांच्या बायकोने, हफीजाने घेतला.

"अनिश? होय तर, आमच्या माडीवरच होता. गुणी पोर. भाडं वेळच्या वेळी. 'चाची'शिवाय हाक नाय."

पंतांनी जमेला धरलं. "रागीट वगैरे?"

"आवाज नाय कधी आयकला त्याचा." पलीकडे तिने खडखडणारा पंखा बंद केला. "शिफ्टला जाताना डबा मीच द्यायची. तेवढं एक. झाकण कधी सरळ परत आलं नाय. अडलं की जरा फिरवून बघायचं नाय, बुक्कीच घालायची. नवा डबा दिला, त्याचंपण तेच. विचारलं तर हसायचा." मग तिनेच विचारलं, "मुलगी तुमची हाय?"

"हो. माझी."

"मग विचारलंत ते बरं केलंत," हफीजा म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

पंतांनी पेन उचललं. एवढ्या मोठ्या जमेसमोर एक चेपलेलं झाकण. किती धरायचं त्याचं?

फाटकाशी गाडी थांबली. गोदा लगबगीने आली, मागोमाग स्वानंदी, हातात फडकं. पाहुण्यांना धूळ दिसू नये म्हणून.

"आले बघा! गुण किती जुळले? आनंदीबाई दारातच विचारतील."

"दिसत नाही."

"मग बघत काय बसलात? रोजच्यासारखी द्या एक टपली, येईल वठणीवर!"

पंतांचा हात सवयीने उठला. मॉनिटरच्या उजव्या कुशीत, वर्षानुवर्षं टपल्या बसून प्लॅस्टिक खोलगट, गुळगुळीत झालं होतं. नेमकं तिथेच स्वानंदी फडकं फिरवत होती. तिने वर पाहिलं. हात वरच राहिला.

बाहेर आनंदीबाईंची हाक आली.

"मारा ना, बाबा," बाजूला सरकत स्वानंदी म्हणाली.