शंभरातले अकरा

रात्रीच्या कॉलेजात पहिल्याच तासाला संख्याशास्त्राच्या सरांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "या विषयाकडून काय अपेक्षा आहे?"

"पास व्हायचंय, सर!" मागून कोणीतरी म्हणालं आणि वर्ग खो खो हसला.

कडेच्या बाकावरची पंचेचाळिशीची शिवणकामवाली बाई तेवढी हसली नाही. ती उठून म्हणाली, "माझ्या लेकीच्या आजारात शंभरातले अकरा वाचतात, असं डॉक्टर म्हणाले. ती त्या अकरांत आहे का, ते काढायला शिकायचंय."

सरांचा खडू हातातच राहिला. "ताई, हे शास्त्र शंभरांचं सांगतं. एकाचं नाही सांगू शकत."

"असू दे. बघू तरी," म्हणत ती खाली बसली.

त्यानंतर तिनं एकही तास चुकवला नाही. सरांना जिन्यात गाठून शंका विचारल्या. मग एकदम आठवडाभर ती दिसलीच नाही, तेव्हा सरांनी तिच्या घराकडे चौकशी केली.

सोमवारी ती आली आणि वही उघडून बसली. सर जवळ जाऊन हळूच म्हणाले, "ताई, इतक्यात आला नसतात तरी चाललं असतं."



"घरी आता कोणासाठी थांबू, सर? शिकवा तुम्ही."