पानाचा आकडा

"नव्यांना आज हाक मारायची नाही," असं म्हणून केंद्र चालवणाऱ्या ताईने लॅपटॉप मिटला.

दृष्टी नसलेल्यांसाठी इथे पुस्तकं मोठ्याने वाचून ध्वनिमुद्रित होत. वरच्या खोलीत वाचणारे, खालच्या खोलीत ऐकून तपासणारे. वरचे खालच्यांना 'कान' म्हणत, खालचे वरच्यांना 'घसे'. सगळी हौसेची माणसं, पण अकरा वर्षांत जिन्यावरून ये-जा झाली ती फक्त चिठ्ठ्यांची.

आता घरबसल्या वाचणारे इंटरनेटवरून जोडायचे होते. आवाहन लिहून तयार होतं. गेल्या वर्षी असेच सहा जण आले आणि पंधरवड्यात पसार झाले. "तुमचं आधी तुमच्यात ठरू दे," एवढंच एक जण जाता जाता म्हणाला. यंदाही तसंच झालं, तर पुन्हा कुणाला बोलवायची ताईची छाती नव्हती.

म्हणून तिने खालच्या मास्तरांना वर आणून तिथे वाचणाऱ्या मावशींसमोर बसवलं. "नव्यांसाठी दोघांनी मिळून एक नमुना करा. तोवर चहा नाही."

"अगंबाई, ह्यांना तोंडही आहे!" मावशी म्हणाल्या. "मला वाटलं, नुसती तांबडी पेन्सिलच."

"तुमच्यापुढे आमचं तोंड उघडतंय कशाला," मास्तर म्हणाले.

लाल दिवा लागला. ध्वनिमुद्रण सुरू झालं, मावशी वाचू लागल्या. पान संपलं तशा थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, "पान एकाहत्तर."

मास्तरांनी हात वर केला. "हे दर पानाला का म्हणता?"

"का म्हणजे? तुमच्यासाठी! चूक चटकन सापडावी म्हणून."

मास्तरांनी चष्मा काढला. "मावशी, मी तो आकडा दर वेळी ध्वनिमुद्रणातून कापतो. अकरा वर्षं. एकेक करून."

"मग बोलला का नाहीत?"

"म्हटलं, तो म्हटल्याशिवाय तुम्हाला पुढचं वाचता येत नसेल. असते एकेकाची सवय. कशाला मन दुखवा? त्या सहा जणांना मात्र चिठ्ठ्या धाडल्या, आकडे म्हणू नका म्हणून."

"आणि मी त्यांना दटावत होते, म्हणा म्हणून!"

ताईने कपाळाला हात लावला. मावशी मात्र डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग सावरून बसल्या. "ठरलं. आजपासून आकडा बंद. नव्यांना दोघंही हेच सांगू."

ताईने लॅपटॉप पुन्हा उघडला.

लाल दिवा लागला. मावशींनी झोकात वाचायला घेतलं. पान संपलं, त्यांनी ते उलटलं, आणि तिथेच अडल्या. ओठ उघडले, मिटले. पुढची ओळ डोळ्यांसमोर होती, पण जीभ हलेना.

मास्तर जरासे पुढे वाकले. आवाज न करता, नुसते ओठ हलवून म्हणाले, "पान बहात्तर."

मावशींनी मान डोलावली आणि पुढे वाचू लागल्या.