टेकाडापलीकडे

“तिकडं जायचं नाही म्हणजे नाही.” रतननं काठी आडवी धरली.

“का? सोनं पुरलंय काय तिकडं?” सुगंधाबाईंनी कंबरेवर हात ठेवले. “सगळं फुललेलं रान त्या टेकाडावर, आणि आम्हांला दाखवतोस ही चार खुरटी झुडपं! घाटकोपरवरनं दोन बस बदलून आलोय आम्ही.”

त्यांचं काहीच खोटं नव्हतं. चौऱ्याऐंशी सालचा सप्टेंबर होता, गणपती नुकतेच गेले होते, आणि बोरिवलीच्या जंगलात कारवी फुलली होती. आठ वर्षांतून एकदाच फुलते ती, मग माणसं लोटणारच. त्यांना रान नीट दाखवायचं आणि फुलं ओरबाडू द्यायची नाहीत, एवढ्यासाठी पाड्यावरच्या रतनला फुलोरा असेपर्यंत रोजावर घेतलं होतं. आज बारा बायकांचं महिला मंडळ आलं होतं. अकरा बायका गोड होत्या. बाराव्या सुगंधाबाई.

त्यांनी सकाळी फाटकावरच भांडण उकरलं होतं. रखवालदार भीमराज वहीत नावं लिहून घेत होता. “खोली नंबर?” त्यानं विचारलं. “आमच्या डोंगरावर खोली मोडली की नंबर बदलतो. त्यातला कुठला सांगू?” बाकीच्या बायका हसल्या. भीमराज हसला नाही. झोपड्या मोडण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. गेल्या उन्हाळ्यात पाड्यावरच्या दोन त्यानं जातीनं उभं राहून मोडून घेतल्या. त्यातली एक रतनची होती.

आणि आता टेकाडापलीकडं रतनचं नवं घर उभं राहत होतं. कारवीच्या काठ्यांचा कूड बांधून झाला होता. रतनची बायको मालन दोन महिन्यांचं पोर पाठीला बांधून आज तो शेणमातीनं लिंपत होती. भीमराजला पत्ता लागला तर घर जाणार, रोजंदारी जाणार, आणि कारवी तोडली म्हणून रतन आत जाणार. त्या टेकाडाकडं बोट केलेलंही त्याला सोसत नव्हतं.

“तिकडं बिबट्या आहे,” तो म्हणाला.

“बिबट्या तुझा मेव्हणा काय रे? तुला पत्ता सांगून गेला?”

“बाई, तोंड सांभाळून बोला.”

“तू काठी सांभाळ आधी. सरकारी रान आहे हे, तुझ्या परसातलं नाही.”

रतनच्या मस्तकात तिडीक गेली. आठ वर्षांमागं ही कारवी फुलली तेव्हा इथं बघायला कुत्रं येत नव्हतं. आज जो येतो तो मालक होऊन येतो. त्यानं बाईंकडं पाठ केली आणि बाकीच्यांना मधमाश्या दाखवू लागला.

बाई मात्र वाटेच्या कडेला वाकल्या होत्या. गवतात कारवीचे पाच-सहा बुंधे उभे होते. तिरपे तोडलेले, अजून ओले.

“हे कुणी तोडलं?”

“गुरं खातात,” रतन म्हणाला.

“गुरं कोयत्यानं खातात?”

बाईंनी एकदा बुंध्यांकडं पाहिलं, एकदा टेकाडाकडं. “मी जरा आडोशाला जाऊन येते,” त्या म्हणाल्या आणि झुडपांत शिरल्या. बाईमाणसाच्या मागं कसा जाणार? तो तिथंच उभा राहिला.

वीस मिनिटांनी त्या परत आल्या. उजवा पाय घोट्यापर्यंत चिखलानं भरलेला. चिखलात भाताचं तूस चमकत होतं. तसा चिखल साऱ्या जंगलात एकाच जागी होता. काल संध्याकाळी रतननंच तो लिंपणासाठी तुडवला होता.

परतीच्या वाटेवर बाई चकार शब्द बोलल्या नाहीत. तेच रतनला जास्त लागलं. दिवसभर आपण या बाईच्या तोंडाला लागलो, आता ती व्याजासकट वसूल करणार. मालननं निदान पोर घेऊन पळावं, एवढंच त्याच्या मनात येत होतं.

फाटकावर बाईंनी अभिप्रायाची वही हिसकावूनच घेतली. त्यांचा चिखलाचा पाय बघून भीमराज पुढं झाला. “बाई, टेकाडापलीकडं गेला होतात वाटतं? तिकडं धूर दिसतो म्हणतात. काय आहे?”

रतननं डोळे मिटले.

“काय असणार? घाण!” बाई कडाडल्या. “सगळा पाडा तिकडंच बसतो वाटतं. हा बघ पाय! बायामाणसांना न्यायची जागा आहे ती?” त्यांनी पाय त्याच्या नाकाशी उचलल्यासारखा केला. शेणाचा वास आला तसा भीमराज दोन पावलं मागं सरकला.

बाईंनी ठसठशीत अक्षरात लिहिलं : ‘टेकाडाकडे कोणालाही नेऊ नये. पाहण्यासारखे काही नाही. वाटाड्या उद्धट आहे.’

भीमराजनं वाचलं आणि रतनवर ओरडला, “उद्या पहिली ती वाट काट्या टाकून बंद कर. आणि पुन्हा बायकांशी उलट बोललास तर घरी बसवीन.”

बायका बसथांब्याकडं निघाल्या. नळावर पाय धुऊन सुगंधाबाई सगळ्यांच्या मागनं आल्या आणि रतनपाशी पोचल्यावर, त्याच्याकडं न बघता, दातओठ खात म्हणाल्या,

“दार वाटेकडं कशाला काढलंस रे मेल्या? पहिलं ते फिरव.”