सरावाचे दार

दारासमोर दोघे उभे होते आणि दार कोणीच उघडत नव्हते.

दार भोकरदन रस्त्यावरच्या अप्पारावांच्या फर्निचर कारखान्याचे होते. त्याला कुलूप नव्हते, कडीही नव्हती. ते नुसते लोटलेले होते. दोघांपैकी एक मच्छिंद्र, नऊ वर्षांची शिक्षा भोगून त्याच सकाळी सुटलेला. दुसरे त्याच्या कारागृहाचे अधीक्षक तांगडेसाहेब, ‘सुटकेनंतरचे जीवन’ या बहुचर्चित उपक्रमाचे जनक. सुटलेल्या माणसाला स्वतःच्या गाडीतून पहिल्या नोकरीच्या दारापर्यंत पोचवणे ही उपक्रमाची अखेरची पायरी होती. दारापर्यंत ते पोचले होते.

मालक बिचकू नये म्हणून साहेबांनी गणवेशाऐवजी साधा सदरा घातला होता. मच्छिंद्रच्या अंगावर मात्र निरोप समारंभात एका दानशूर मंडळाने दिलेला राखाडी कोट होता. तो मंडळाच्या माजी अध्यक्षांचा असल्यामुळे त्याचे अध्यक्षपण अजून पुरते उतरले नव्हते.

अप्पारावांनी फोनवर स्पष्ट सांगितले होते, “अकराच्या आत आला तर बराबर, न्हाई तर माझ्याकडं दुसरा सुतार तयार हाये.” मंठा गावी दिलेली मच्छिंद्रची बहीण गोजरबाई तुरुंगातल्या शेवटच्या भेटीत याहून स्पष्ट बोलली होती. “काम लागलं तरच ये रे मच्छिंदर. न्हाई तर तुझे दाजी उंबरा चढू द्यायचे न्हाईत.” अकराला थोडाच अवकाश होता.

दीर्घकाळ बंदिवासात राहिलेला माणूस बाहेर आल्यावर दार उघडत नाही, ते उघडले जाण्याची वाट पाहतो, असे काही विद्वानांनी शोधून काढले होते. विद्वत्तेचा मान राखून साहेबांनी कारागृहाच्या पटांगणात एक सरावाचे दार उभारले. भिंत नव्हती, छप्पर नव्हते. मोकळ्या मैदानात एकटी चौकट आणि तिच्यात सागवानी दार. ते मच्छिंद्रनेच घडवले होते. परंतु कारागृहातील प्रत्येक दारास कुलूप असावे आणि किल्ली पहारेकऱ्याकडे असावी, असा नियम आहे. त्यामुळे सराव असा चाले: बंदी दारासमोर उभा राही, पहारेकरी कुलूप काढी, बंदी पलीकडे जाई, पहारेकरी पुन्हा कुलूप लावी. एकाने दाराला वळसा घालून पलीकडे जाण्याची अक्कल दाखवली, तेव्हा त्याची महिनाभराची भेट बंद झाली. पाहणीस आलेल्या समितीने उपक्रमाला ‘अनुकरणीय’ ठरवले.

मच्छिंद्र या अभ्यासक्रमात पहिला आला होता. म्हणूनच तो आता, शिकवल्याप्रमाणे, ताठ उभा होता.

“थांबलास का रे?” साहेब मागे न वळता म्हणाले.

“तुमी म्होरं हायेत ना, साहेब. तुमच्यासाठी कुनी उघडलं की मी मागून येतो.”

साहेबांनी डावीकडे पाहिले, उजवीकडे पाहिले. गाडीचे दार उघडून देणारा चालक समोरच्या टपरीवर चहा घ्यायला गेला होता. साहेबांना दार उघडता येत नव्हते असे म्हणणे अन्यायाचे होईल. तसा प्रसंगच आला नव्हता. कचेरीत पहारेकरी, बंगल्यावर शिपाई, रस्त्यावर चालक. ते पाठीमागे हात बांधून, नजर दारावर खिळवून उभे राहिले.

मच्छिंद्रने ते बांधलेले हात पाहिले. असे उभे राहणारी माणसे त्याने बराकीत नऊ वर्षे पाहिली होती. साहेबांची भीती त्याच्या मनातून कोठे गेली, ते त्याला कळले नाही. तिच्या जागी कीव आली होती. साहेबांच्या खांद्यावरून हात पुढे करून त्याने दार ढकलले. कोणी ओरडले नाही. शिट्टी वाजली नाही. तो आत गेला.

अप्पाराव हात जोडून त्या कोटाला सामोरे आले. “या साहेब, या. फोनवर बोललो ते मीच. बसा. आन् हा तो का?” दारातल्या सदऱ्याकडे त्यांनी मायेने पाहिले. “ये बाबा, आत ये. भिऊ नको. किती वर्षं काढले रे तुरुंगात?”

“अठ्ठावीस,” साहेब उंबरा ओलांडून आत येत म्हणाले. सेवाकाळ सांगण्याची त्यांना सवय होती. ‘रे’ ऐकण्याची नव्हती. म्हणून तो शब्द त्यांच्यापर्यंत पोचलाच नाही.

“अरारा! आन् सुटला कवा?”

“अजून दोन वर्षं बाकी आहेत.”

अप्पाराव नाराजीने कोटाकडे वळले. “मंग साहेब, ह्याला आत्ताच कशाला आणून राह्यले? बिचाऱ्याला सुटू तर द्या. मला मानूस आज पाहिजे.”

“आजचा मानूस मी हाये, मालक,” मच्छिंद्र म्हणाला. त्याने कोट काढून खुंटीला अडकवला, रंधा उचलला आणि समोरच्या फळीवरून चालवला. ढलपी सलग निघाली. अप्पारावांनी फळीवरून बोट फिरवले. “ऱ्हा मंग,” ते म्हणाले. त्यानंतर खुंटीवरचा कोट आणि दाराजवळचा सदरा यांचा हिशोब त्यांना एकदम उलगडला, आणि ते इतके ओशाळले की चहा सांगण्याच्या निमित्ताने मागच्या बाजूने पसार झाले.

मच्छिंद्र मान खाली घालून रंधा मारू लागला. मंठ्याची संध्याकाळची बस त्याला गाठायची होती.

उपक्रम यशस्वी झाल्याची नोंद साहेबांनी मनाशी केली आणि ते परत जायला निघाले. मघाचे दार वाऱ्याने लोटले गेले होते. त्याच्यासमोर जाऊन, पाठीमागे हात बांधून, ते उभे राहिले.