जुनेराचा कोट

कोटाच्या बाहीवर तांदळाच्या दाण्याएवढं रफू होतं, मूळ रेशमाहून किंचित फिकट. राजाजीनगरात एसटीडी बूथवरच्या खोलीत सौम्याअक्का मुलींना टाकाऊ साड्यांतून उंची कपडे घडवायला शिकवायच्या. त्यांतल्या शाल्मलीने हा कोट शिवलेला, आणि ते रफू मुद्दाम दिसतं ठेवलेलं. कोट खिडकीत झुलत होता. वारा आला की कुणाकुणाच्या साड्या त्यात एकदम श्वास घ्यायच्या. “कोट घेते,” कोट बघायला आलेल्या कपड्यांच्या दुकानाच्या मालकीणबाई म्हणाल्या, “पण जुनं कापड आहे हे गिऱ्हाइकाला सांगायचं नाही.” ही अट अक्का वर्षभर ‘बघू’ म्हणत टाळत होत्या. दुसरं दुकान मिळेना, वर्ग बंद पडायला आला होता. “अक्का, रफू झाकू का?” शाल्मलीने हळूच विचारलं. अक्का त्यावरून बोट फिरवत मालकीणबाईंकडे वळल्या. “बाई, आमच्यात बाळाला आधी जुनेरातच गुंडाळतात. नवं टोचतं. हा कोट जुनेराचा आहे. तसं सांगूनच विका, नाहीतर इथेच राहू द्या.”